एकतीस रिकाम्या ओळी

कचेरीत त्यांना सगळे नुसते दप्तरी म्हणत. पदाचे खरे नाव चांगले चार शब्दांचे होते, पण ते नेमणुकीच्या कागदावरून खाली कधी उतरलेच नाही. अक्षर मोत्यासारखे आहे, एवढ्याच गुणावर बाविसाव्या वर्षी दप्तरी नोकरीला चिकटले आणि छत्तीस वर्षे एकाच खोलीत राहिले. तेवढ्या काळात सहा साहेब आले आणि गेले. त्यांतल्या दोघांना दप्तरींनीच काम शिकवले आणि पुढे त्यांचीच बोलणी खाल्ली. दप्तरींनी कधी उलट उत्तर दिले नाही. अशा माणसाबद्दल लोक म्हणतात, बिचारा साधा आहे. साधा माणूस कधी कधी काय करून बसतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

खोलीत सात लाकडी कपाटे होती. कपाटांना छोटे छोटे खण, एकेक खण एकेका भाषेचा, आणि खणात दोनशे कार्डे. एका कार्डावर एक शब्द. सगळी कपाटे मिळून एकच भाषाकुळ होते, तिबेटी-ब्रह्मी. त्यात चारशेच्या आसपास भाषा मोजतात. या खोलीत त्यांतल्या एकशे बारा होत्या. नवे माणूस आले की दप्तरी चष्मा पुसायचे आणि घरची माणसे दाखवावीत तशी एकेका कपाटाची ओळख करून द्यायचे.

“हे तिबेटी. शेजारी किरांती. खिडकीजवळची दोन, बोडो-गारो आणि तानी. मधलं फुगलेलं ते कुकी-चिन, त्याला कितीही खण द्या, जागा पुरत नाही. पलीकडे लोलो-बर्मी. आणि भिंतीला टेकून एकटं उभं आहे ना, ते करेन. बाकीच्या भाषा बहुतेक क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवतात, आपल्यासारख्याच. हे लोक मधेच घालतात. म्हणून जरा बाजूला ठेवलंय. पण आहे ते घरातलंच.”

मग ते विस्तवाची कार्डे काढून टेबलावर मांडायचे. तिबेटीत मे, मैतेईत मेइ, मिझोतही मेइ, बर्मीत मी. “चुली वेगळ्या होऊन हजारो वर्षं झाली,” ते म्हणायचे, “पण विस्तव अजून तोच आहे.” पाहुणे खूश व्हायचे. हे वाक्य दप्तरींनी हजारदा तरी टाकले असेल, आणि दर वेळी ते आत्ताच सुचल्यासारखे चेहरा करायचे. माणसाला एवढी हौस असायचीच.

कोणाला खण मिळायचा, हे मोजणीवर ठरे. नव्या बोलीचे दोनशे शब्द उतरवून आणायचे आणि शेजारच्या भाषेशी ताडायचे. शंभरात ऐंशी किंवा त्याहून जास्त जुळले की ती त्या भाषेचीच बोली समजायची. मग तिला वेगळा खण नाही. शेजारणीच्या खणात पाठीमागे एक पिवळे कार्ड, बस्स. ऐंशीच्या खाली आली तर स्वतःचा खण आणि पितळी चौकटीत स्वतःची चिठ्ठी. ही या कचेरीची रीत होती. शिवाय तीन अटी. सगळे शब्द एकाच माणसाच्या तोंडचे हवेत आणि ते माणूस पन्नाशी उलटलेले हवे. आणि वीसपेक्षा जास्त ओळी रिकाम्या असतील, तर यादी दाखलच व्हायची नाही.

दप्तरींची बायको लग्नाआधीपासून कचेरीसमोरच्या शिवणदुकानात कामाला होती. खणांवर टाकायची कापडी झाकणे शिवून घ्यायला ते तिथे जात, आणि लग्नाआधीच्या वर्षी कचेरीच्या मानाने झाकणे जरा जास्तच शिवली गेली. ती आणि तिची आई, दोघीच. वर डोंगरातल्या एका वस्तीतून खाली आलेल्या. वस्ती उठून गेली होती आणि तिथले बोलणे बोलणारे या दोघींखेरीज कुणी उरले नव्हते. त्या बोलण्याला नावही नव्हते. विचारले की सासूबाई म्हणत, “आमचं बोलणं.”

लग्नाला वर्ष झाले आणि सासूबाईंनी अंथरूण धरले. एकदा जावयाने त्यांना कचेरीतल्या खणांबद्दल सांगितले होते, ते त्यांच्या मनात बसले होते.

“जावईबापू, आमच्या बोलण्याला मिळेल का हो एक खण?”

“मिळेल की. मी स्वतः चिठ्ठी लिहीन,” दप्तरी म्हणाले.

तीन दुपारी ते उशाशी बसले. बायको तेव्हा दुकानात असायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. दप्तरी शब्द विचारत, सासूबाई सांगत. पाणी, कान, मी, तू, सरळ आले. पुढे पुढे अडायला लागले. राख, गुडघा, शिंकणे, धुके, कुजणे. “जिभेवर आहे हो,” त्या म्हणायच्या आणि हात उशीवर टाकून डोळे मिटायच्या. तिसऱ्या दिवशी मोजले तर एकशे एकोणसत्तर शब्द भरले होते. एकतीस ओळी रिकाम्या.

एकतीस म्हणजे यादी परत. शनिवारी वर्षाची नोंदवही बंद होणार, आणि डॉक्टरांनी दिवस बोटांवर मोजून दाखवले होते. शेजारच्या थोरल्या भाषेचा खण हाताशीच होता. दप्तरींनी मनाची समजूत घातली: सख्ख्या बहिणी आहेत, सासूबाईंचा शब्द असून असून किती वेगळा असणार? आणि त्याच लेखणीने, त्याच शाईने, त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी एकतीसच्या एकतीस ओळी शेजारच्या भाषेतून भरल्या. यादी दाखल झाली. साहेबांनी पाठ थोपटली.

सोमवारी मोजणी झाली. दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट जुळले. साडेएक्याऐंशी टक्के, म्हणजे बोली. दप्तरींनी चोरून आपले एकतीस वगळून हिशेब केला. एकशे एकोणसत्तरपैकी एकशे बत्तीस, म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. ती स्वतंत्र भाषा होती. ज्या लबाडीने तिला खण मिळवून द्यायचा होता, त्याच लबाडीने तो गेला. आणि पिवळे कार्ड लिहायचे कामही त्यांच्याकडेच आले, कारण कचेरीत अक्षर त्यांचेच चांगले.

त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारले, “आईचा खण झाला?”

“झाला,” दप्तरी म्हणाले.

एवढाच एक शब्द. तो मागे घ्यायला ती दुपार पुरेशी होती, ती संध्याकाळ होती, दुसरा दिवस होता. मग महिना गेला, आणि मग ते सांगणे दर वर्षी आणखी जड होत गेले. बायकोला खण बघायचा होता. दप्तरींनी कधी रंगकाम काढले, कधी वाळवी, कधी बाहेरच्यांना बंदी. कचेरीला बत्तीस वर्षांत लागला नसेल एवढा रंग त्यांनी नुसता तोंडाने लावला. शेवटी तिनेच विचारायचे सोडून दिले.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी कपाटे मोडीत काढायचे ठरले. सगळी कार्डे संगणकात जाणार, आणि त्यावरून कुळाचा नवा वृक्ष काढला जाणार. त्यासाठी एक तरुण संशोधक बाई आल्या. दप्तरी त्यांना मॅडम म्हणत, त्या दप्तरींना काका. पडद्यावर त्या खोड काढत, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. महिनाअखेरीला वृक्ष कायमचा पक्का होणार होता. त्याच दिवशी दप्तरींचा निरोपसमारंभ होता.

“त्या दिवशी मी येणार आहे,” बायको म्हणाली. ती शिवणयंत्रात दोरा ओवत होती. “आता काही बंदी-बिंदी सांगू नका. कपाटं जायच्या आत मला आईचा खण बघायचाय.”

त्या रात्री दप्तरींनी दोन्ही वाटा पाहिल्या. एक सोपी होती. एखादा मोकळा खण घ्यावा, वर चिठ्ठी लावावी, बायको बघून जाईल, आणि दुसऱ्या दिवशी कपाटच जाईल. चिठ्ठीचा कागद त्यांनी कापूनही ठेवला. पण महिनाअखेर झाली की पडद्यावरचा तो वृक्ष तसाच राहणार होता, आणि त्यात सासूबाईंचे बोलणे कुठेच नसणार होते. एवढे खोटे आपल्याला पेलणार नाही, हे त्यांना कळून चुकले. थोडे उशिराच कळले, पण कळले.

सकाळी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले आणि सगळे सांगून टाकले. बसले सुद्धा नाहीत.

मॅडमनी पडद्यावर ती फांदी मोठी करून पाहिली. मग म्हणाल्या, “काका, ती अख्खी डहाळी मी तुमच्या कार्डांवर विश्वासून काढली आहे.”

“माहीत आहे.”

“आता दोनच मार्ग आहेत. एक तर ती यादी मी पूर्ण बाद करते. म्हणजे ती भाषा होती याचा पुरावाच राहत नाही. नाहीतर तुमचे एकतीस शब्द वेगळे काढायचे. ओळी रिकाम्या राहिल्या तरी चालेल, तो वीसचा नियम आता आम्ही मानत नाही. एकाच माणसाचे शब्द हवेत, हाही नाही. पण एकतीस कोणते ते कळायला हवं. ओळखता येतील तुम्हाला?”

दप्तरींनी नकारार्थी मान हलवली. शाई तीच, अक्षर तेच. राख, गुडघा, असे पाच-सहा आठवत होते. बाकीचे त्यांचे त्यांनाच सापडत नव्हते. शेजारच्या खणाशी ताडूनही उपयोग नव्हता, सासूबाईंचे कितीतरी शब्द मुळातच तसेच होते. लबाडी इतकी नीटनेटकी केली होती, की ती आता त्यांनाही ओळखू येत नव्हती.

“घरी एक माणूस ओळखेल,” ते म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांनी यादीची प्रत पिशवीतून काढली आणि शिवणयंत्रावर ठेवली. बायकोने पाय थांबवला. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मधे न थांबता शेवटापर्यंत सांगितले. सगळे झाल्यावर ती उठली, आत गेली, नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. दप्तरी बाहेर खुर्चीत बसून राहिले. अर्ध्या तासाने ती पदराला हात पुसत आली.

“म्हणजे तुम्ही माझ्या आईच्या तोंडात दुसऱ्यांचे शब्द घातलेत.”

“हो.”

“आणि मला म्हणालात, झाला.”

“हो.”

“वाचा,” ती म्हणाली. “एकेक वाचा. आमचं नसेल ते मी सांगते.”

दप्तरी वाचू लागले. त्यांचा उच्चार वाईट होता, पण तिला तो पुरत होता. ती डोळे मिटून बसली होती. “आईचं,” ती म्हणायची. “आईचं. आईचं.” आणि मधेच, “हे नाही.” तिचा आवाज एकसारखा होता, कपडा बेतताना असायचा तसा. राखेला ती “नाही” म्हणाली, गुडघ्याला “नाही” म्हणाली. प्रत्येक “नाही”ला दप्तरी लाल पेन्सिलीने खूण करत गेले. दोनशे संपले तेव्हा त्यांनी खुणा मोजल्या. एकतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

“आता या एकतीसांना तुमच्यात काय म्हणतात, ते,” त्यांनी हळूच विचारले. “येत असेल तर.”

तिने प्रयत्न केला. राख आली. धुके आले. धुक्याचा शब्द सापडला तेव्हा ती जराशी हसली, आणि दप्तरींना ती शिवणदुकानातली मुलगी दिसली. मग एक अडला. मग आणखी एक. ती कपाळ दाबून बसायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. संध्याकाळपर्यंत नऊ आले. बाकीचे बावीस आले नाहीत.

“आई नुसती गप्प बसली?” तिने एकदम विचारले. “शब्द आला नाही तेव्हा ती काहीच म्हणाली नाही?”

हे दप्तरींनी मॅडमनाही सांगितले नव्हते. बत्तीस वर्षांत त्यांनी ते स्वतःच्या मनातही पुरते उच्चारले नव्हते.

“म्हणाली,” ते म्हणाले. “दर वेळी म्हणाली. पोरीला विचारा, तिला येतं.”

“मग?”

“नियम होता. एकाच माणसाचे हवेत. तुझं वय तेव्हा चोवीस.”

“मला तेव्हा सगळे येत होते हो,” ती म्हणाली. “एकतीसच्या एकतीस. तुम्ही रोज संध्याकाळी घरी होता. मी समोर जेवायला वाढत होते. नियमासाठी नाही तर नाही, तुमच्या स्वतःसाठी तरी विचारायचं होतं.”

दप्तरींनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

“पुढे मुलगा झाला. त्याच्याशी मी आमचं बोलायला लागले, तर तुम्ही म्हणालात, शाळेत गोंधळेल. मला वाटलं, यांना आमचं बोलणं कमीपणाचं वाटतं. म्हणून मी बंद केलं. एकटी असताना यंत्राशी बोलायची काही वर्षं. मग तेही गेलं.” ती थांबली. “कमीपणा नव्हता वाटत तुम्हाला. भीती वाटत होती, खणाची गोष्ट पुन्हा निघेल याची.”

“हो,” दप्तरी म्हणाले. मग ते रडले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तोंडावर हात घेऊन, लहान मुलासारखा रडला. तिने त्यांना गप्प केले नाही. तो तिचा हक्क होता. पण ती उठूनही गेली नाही.

निरोपाच्या दिवशी ती आली. खोलीतली कपाटे निम्मी रिकामी झाली होती आणि कामगार खण काढून भिंतीशी रचत होते. भाषणे होण्याआधी मॅडमनी दोघांना टेबलाशी बसवून घेतले. नऊ शब्द घातले, बावीस ओळी कोऱ्या ठेवल्या, मोजणी पुन्हा लावली. एकशे अठ्ठ्याहत्तरपैकी एकशे सदतीस. सत्त्याहत्तर टक्के. पडद्यावर शेजारच्या भाषेच्या डहाळीतून एक बारीक रेघ सुटी झाली आणि फांदीवर स्वतःच्या जागी उभी राहिली.

“ही तुमच्या आईची,” मॅडम म्हणाल्या. “आता ती कुणाची बोली नाही. नाव काय लिहू?”

“आमचं बोलणं,” बायको म्हणाली, आणि मग तेच तिने तिच्या भाषेत म्हटले. मॅडमनी दोनदा विचारून नीट उतरवून घेतले. बायको पडद्यावरच्या त्या रेघेकडे टक लावून पाहत होती. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. दप्तरींना वाटले, बत्तीस वर्षांनी का होईना, शब्द पाळला गेला. छातीवरचे ओझे थोडे हलल्यासारखे झाले.

“एकच रकाना राहिला,” मॅडम म्हणाल्या. “काका, हा तुमच्या हातानं भरा. शेवटची नोंद तुमची असू दे.” त्यांनी छापील अर्ज पुढे सरकवला. भाषा बोलणाऱ्यांची आजची संख्या.

दप्तरींनी पेन उघडले. त्यांनी बायकोकडे पाहिले. खरे तर त्यांना या क्षणी अभिमानच वाटत होता. त्यांनी एकचा आकडा काढायला निब टेकवले.

“काय लिहिताय?” तिने विचारले.

“एक. तू.”

तिने अर्जावर हात ठेवला.

“बोलायला समोर कुणीतरी लागतं हो,” ती म्हणाली. रागाने नाही, समजावल्यासारखी. “मी कुणाशी बोलते? शून्य लिहा.”

बायकोने हात काढून घेतला. दप्तरींनी त्या रकान्यात शून्य काढले. अक्षर नेहमीसारखेच सुंदर आले.